सावित्रीच्या जुन्या पुलास

मे महिन्यात आमच्याकडच्या ओहोळांवरून जाणाऱ्या परक्या माणसाला प्रश्न पडावा, की इथे पूल कशाला बांधले? नरपडहून डहाणू, डहाणूहून आशागडवरून चारोटी आणि चारोटीहून महामार्गाने तलासरी. या वाटेवर ज्या मोऱ्या आणि पूल लागतात, त्यांतल्या कितीतरींच्या खाली तेव्हा पाण्याचा टिपूस नसतो. पांढरे पडलेले गोटे, तापलेली वाळू, करंजाच्या सावलीला टेकलेली गुरं. कुठे डोहात उरलेलं हिरवट पाणी. आणि मग आषाढात एका रात्री वरचा डोंगर धो धो भिजतो. खाली आमच्याकडे नुसती भुरभुर असली तरी पहाटे त्याच कोरड्या पात्रातून तांबडं पाणी उभं राहून येतं. सोबत ओंडके, मुळासकट उपटलेली बांबूची बेटं, मेलेली जनावरं, वरच्या पाड्यांवरच्या कुंपणांच्या काटक्या.

अशी नदी वर्षातले चार-सहा दिवसच खरी नदी असते, आणि पूल त्या चार-सहा दिवसांसाठी बांधलेला असतो. उरलेलं वर्षभर तो रस्त्याचाच एक तुकडा वाटतो. गाडीचा आवाज क्षणभर बदलतो, कठडे दिसतात, कठडे संपतात. आपण पूल ओलांडला हे आपल्याला कळतही नाही. त्याच्याविषयीची सगळी बेफिकिरी इथूनच सुरू होते.

सावित्रीवरच्या जुन्या पुला, मला तुझ्याविषयी लिहायचं आहे, पण मी कोकणपट्टीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. आमच्यापुढे थोड्याच अंतरावर महाराष्ट्र संपतो. तू महाडजवळ, आमच्यापासून फार दक्षिणेला. तरीही २०१६ च्या पुरात तू कोसळलास तेव्हापासून चारोटीजवळ सूर्या नदी ओलांडताना मला तू आठवतोस. पाणी दोन्हीकडे एकाच डोंगररांगेचं आहे, पाऊस एकच आहे, आणि माणसांना पुलावरून नेणारी भिस्तही एकच.

तू १९२८ सालचा. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. तळ्याच्या काठावर माणसाने माणसाला अडवलेलं ते गाव, आणि त्याच गावाजवळ येईल त्याला पलीकडे नेणारा तू. त्या काळी मुंबईहून कोकणात जायचं म्हणजे बहुतेकांना आगबोटच. पावसाळा लागला, समुद्र खवळला की बोटी बंद. मग कोकण म्हणजे एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री यांच्यामध्ये कोंडलेला चिंचोळा मुलूख. आत शिरायची ती खडीची वाट दर दोन-चार कोसांवर कुठल्या ना कुठल्या नदीने तोडलेली. अशा ठिकाणी पक्क्या दगडी कमानी उभ्या राहिल्या तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला, आजारी म्हाताऱ्याला, शिकायला निघालेल्या पोराला पूर ओसरायची वाट पाहावी लागेनाशी झाली असेल. तुझी किंमत त्यांना नेमकी कळली असेल.

कमानीचा पूल दगडांनी एकमेकांना दिलेल्या रेट्यावर उभा असतो. हा दगड त्याला रेटतो, तो पुढच्याला, आणि हा सगळा भार खांबांतून नदीच्या तळात उतरतो. वरून वजन आलं की कमान सैल पडत नाही, उलट आवळते. म्हणून तर बैलगाड्यांच्या काळात घडवलेल्या कमानी मालट्रकच्या काळातही तगल्या. पण या बळाला एक अट आहे. खांब जागचा हलता कामा नये. तो खचला की वरचे दगड कितीही शाबूत असोत, त्यांना रेटायला समोर काही उरत नाही.

आणि खांबाचा शत्रू वरून येत नाही. पुराचं पाणी खांबावर आपटतं, खाली वळतं, बुडाशी भोवरे घेत तळाची वाळू उपसत राहतं. पूर ऐन जोरात असतो तेव्हा तो खड्डा सर्वांत खोल असतो, आणि नेमकं तेव्हाच तिथे उतरणं कुणालाही शक्य नसतं. पूर ओसरू लागला की वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो, सैलसर, भुसभुशीत. पाणी निवळल्यावर काठावरून पाहणाऱ्याला तळ सपाट दिसतो, काही झालंच नाही असा. पुलाचं म्हातारपण असं दर पावसाळ्यात उघडं पडतं आणि दर हिवाळ्यात झाकलं जातं. कठड्याला गेलेला तडा दिसतो, सांध्यात रुजलेला पिंपळ दिसतो, उखडलेलं डांबर तर सगळ्यांनाच दिसतं. पायाखालून गेलेली वाळू दिसत नाही. ती पाहायची तर हातात दोर घेऊन कुणीतरी गढूळ पाण्यात उतरावं लागतं, किंवा पाण्याखालचं मोजणारी यंत्रं लावावी लागतात. त्याहीपेक्षा आधी, पाहिलंच पाहिजे असं कुणाला तरी मनापासून वाटावं लागतं.

२०१६ च्या मे महिन्यात तुझी पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असं दुर्घटनेनंतर सरकारने सांगितलं. मे महिना म्हणजे सावित्री खाली बसलेली, आभाळ स्वच्छ, तू उन्हात निश्चल. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा पूल उन्हाळ्यात कसा दिसतो हे मी डोळ्यांसमोर आणतो तेव्हा त्या पाहणीवर रागावण्याआधी मला वाईट वाटतं. तुझं दुखणं ज्या ऋतूत बोलत नाही त्या ऋतूत तुझी विचारपूस झाली.

शेजारी दुसरा, नवा पूल होता. सर्वांत जास्त हेच सलतं. तू एकटा नव्हतास. गोव्याकडे जाणारी वाहनं त्या नव्या पुलावरून जात आणि मुंबईकडे येणारी तुझ्यावरून. तरण्याताठ्या पुलाच्या शेजारी तू होतास आणि तरीही महामार्गाचा अर्धा भार तुझ्याच अंगावर होता. तू पडलास त्या रात्री नवा पूल उभाच राहिला. म्हणजे एकाच नदीवर, एकाच पुरात, कोण वाचणार आणि कोण नाही हे फक्त गाडीचं तोंड कुणीकडे होतं यावर ठरलं.

तो २ ऑगस्ट २०१६, मंगळवार. आषाढ अमावस्या, दिव्यांची अवस. घराघरांत समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडून त्यांची पूजा झाली होती. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार होता. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, आणि तिथे नि खालच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता. आमच्या किनाऱ्यावरचं लहान पोरही सांगेल, अवसेला उधाणाची भरती असते आणि ती मध्यरात्रीच्या सुमाराला चढते. सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, भरतीचं पाणी खाडीतून वर शिरतं. डोंगरातून उतरणाऱ्या पुराला समोरून समुद्र भेटायची ती वेळ. हे कारण म्हणून मी मांडत नाही. त्या रात्रीचा काळोख किती बाजूंनी भरत आला होता, एवढंच डोळ्यांपुढे यावं म्हणून सांगतो.

रात्री साडेअकराच्या सुमाराला तू गेलास.

जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी गाड्या तुझ्यावर आल्या तेव्हा पुढे पूल नव्हता. दोन्ही गाड्यांत मिळून बावीस माणसं. त्यांच्याखेरीज एक तवेरा, तीही भरलेली. चाळीसच्या आसपास माणसं त्या रात्री सावित्रीने नेली. जवळच्या गॅरेजमध्ये असलेल्या एका माणसाच्या पूल गेल्याचं ध्यानात आलं. त्याने पावसात रस्त्यावर धावत येऊन मागची वाहनं थांबवली, कळवाकळव केली. तो नसता तर आकडा कुठे गेला असता याचा विचार करवत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षं एवढ्या वाटसरूंना सांभाळलेल्या तुला शेवटच्या घटकेला सोबत मिळाली ती त्या एका माणसाची.

राजापूर-बोरिवली. या गाडीच्या पाटीवरचं दुसरं नाव आमचंही आहे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. आमच्या नरपडची, चिखल्याची, घोलवडची माणसं कामाला, इस्पितळात, कॉलेजात जायला पहाटेच उठून डहाणू रोडला गाडी पकडतात, आणि त्यांतली कितीतरी बोरिवलीला उतरतात. कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसंही तिथेच उतरतात, डोळे चोळत, पिशव्या सांभाळत. बोरिवलीत शेजारून गेलेल्या त्या माणसांना आम्ही ओळखत नाही. पण ३ ऑगस्टच्या पहाटे तिथे जी गाडी यायची होती ती आली नाही, आणि कुणाला तरी घ्यायला आलेला माणूस बराच वेळ थांबून मग फोन लावू लागला असेल, हे मला कितीही प्रयत्न केला तरी मनातून काढता येत नाही.

रातराणीत झोपलेलं माणूस ड्रायव्हरवर विश्वास टाकतं असं आपण म्हणतो. खरं तर तो विश्वास त्याने कधी न पाहिलेल्या माणसांवर टाकलेला असतो. ज्याने दगड घडवला, ज्याने चुना मळला, ज्याने खांबाचा पाया कुठवर न्यायचा हे ठरवलं आणि ज्याने कागदावर पूल वाहतुकीस योग्य असल्याचं लिहिलं, अशा सगळ्यांवर. खिडकीला डोकं टेकून, तोंडावर टॉवेल ओढून, मांडीवर निजलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून टाकलेला हा विश्वास. समाज म्हणून आपल्याकडे यापेक्षा मौल्यवान दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.

मग शोध सुरू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल, स्थानिक होडीवाले आणि पोहणारे. पाणी इतकं गढूळ आणि ओढ इतकी, की पाणबुड्यांना हाताने चाचपत जावं लागे. क्रेनला तीनशे किलोचा लोहचुंबक बांधून नदीच्या तळातून फिरवला. पहिली बस हाती लागायला आठवडा उलटून गेला. काहींचे देह दूर, खाली समुद्राच्या किनाऱ्याला लागले. काही कधीच सापडले नाहीत.

आमच्या किनाऱ्यावर मच्छीमार मांगेल्यांच्या घरांना माणूस न सापडणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. दर्यावर गेलेला परत आला नाही की त्याच्या आईची नजर भरतीच्या रेषेवरून हटत नाही, वर्षं गेली तरी. पण दर्यावर जाणारा दर्याला ओळखून जातो. त्याच्या बायकोने नारळी पौर्णिमेला दर्याला हात जोडलेले असतात. एसटीत बसलेल्यांनी कुठल्या पाण्याशी काय बोलणं केलं होतं? त्यांनी बोरिवलीचं तिकीट काढलं होतं.

तुझ्या जागी नवा पूल झाला. ५ जून २०१७ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. १६५ दिवसांत बांधला, सुमारे ३६ कोटी रुपये खर्च आला, आणि ज्यांनी तो बांधला त्यांनी खरोखर रात्रीचा दिवस केला. नदीच्या पात्रात हिवाळा-उन्हाळ्याच्या मर्यादेत एवढं काम उरकणं सोपं नाही. पुढचा पावसाळा येण्याआधी माणसांना वाट मिळाली. त्या अभियंत्यांचं, त्या मजुरांचं मी मनापासून कौतुक करतो. आणि हे कौतुक करताना घसा दाटून येतो, कारण १६५ दिवस हा आकडा आम्हाला २ ऑगस्टनंतर कळला. तो त्याआधीही तेवढाच होता. २०१० साली तेवढाच होता, २०१४ साली तेवढाच होता. तू उभा असताना कुठल्याही एका दसऱ्याला काम काढलं असतं, तर पुढच्या ज्येष्ठात तुला निरोप देता आला असता.

निरोप. पुलाला निरोप द्यायची रीतच आपल्याकडे नाही. नवा पूल उघडताना नारळ फुटतो, फीत कापली जाते, पाटी लागते. जुना पूल मात्र पडतो तरी, नाहीतर नव्याच्या शेजारी तसाच राबत राहतो, कुणीतरी त्याला थांब म्हणायची वाट पाहत. तुझ्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी इंडियन ब्रिज मॅनेजमेंट सिस्टीम सुरू झाली. राज्यातल्या जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या. तू जाऊन एवढं घडवलंस. पण नोंद होणं आणि निरोप मिळणं यांच्यामध्ये अजून फार पाणी आहे. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसं गेली. तो धोकादायक आहे हे ठाऊक होतं, तशी पाटीही होती. पाटी माणसांना अडवत नाही. महिना उलटायच्या आत, ९ जुलैला, आमच्याच महामार्गाने वर गेलं की लागणाऱ्या मही नदीवर गंभीरा पूल तुटला. तो १९८५ चा, म्हणजे तुझ्या निम्म्या वयाचाही नव्हता. तेव्हा प्रश्न नुसत्या वयाचा नाही. दगडाचा पूल म्हातारा होतो तसा काँक्रीटचाही होतो, आणि कधी कधी लवकर.

पाण्याच्या प्रदेशातच हे घडतं असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात टेक्स वॉश नावाचा एक ओहोळ आहे, वर्षाचा बहुतेक काळ ठणठणीत कोरडा. १९६७ साली त्याच्यावर महामार्गाचा पूल बांधला. १९ जुलै २०१५ रोजी एका वादळाच्या उरलेल्या ढगांनी तिथे अवचित पाऊस पाडला, कोरड्या वाळूतून लोंढा आला आणि त्याने पुलाच्या टोकाखालची जमीनच खाल्ली. पूल गेला. हे वाचताना मला तलासरीकडचे ओहोळ दिसले. नदी कायम वाहती असली तर तिचा धाक तरी राहतो. दहा महिने वाळू दाखवणाऱ्या पात्रावर मात्र माणूस हळूहळू निर्धास्त होतो.

घोडबंदरजवळ वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल हा आमचा मुंबई-ठाण्याचा दरवाजा. त्याला तडे सापडले तेव्हा अवजड वाहनं बंद केली, दुरुस्त्या चालल्या, आणि वर्षानुवर्षं तिथे ज्या रांगा लागल्या त्यांची कहाणी आमच्याकडच्या प्रत्येक टेम्पोवाल्याला पाठ आहे. चिकूचा माल रांगेत पिकायचा, रुग्णवाहिका अडकायच्या, माणसं खात्याच्या नावाने बोटं मोडायची. २०२३ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ते हाल खरेच होते, मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्या रांगेचा अर्थ असा होता, की कुणीतरी वाकून पुलाखाली पाहिलं, तडा दिसला, आणि त्याने गप्प न बसता गाड्या थांबवल्या. महाडला त्या रात्री रांग नव्हती. रस्ता मोकळा होता.

आणि आमच्या दारातला सूर्येचा पूल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे जाताना उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी चारोटीजवळ या पुलाच्या कठड्यावर आदळली. ते आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. वेग, मागच्या आसनावरचा पट्टा, यांची पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पुलापाशी तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो, हेही त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी आलं. रस्ता रुंद झाला आणि पूल मागे राहिला. तिथे पुराचा संबंध नव्हता, आभाळ कोसळलेलं नव्हतं. तरीही दुखणं ओळखीचंच. आपण रस्त्याकडे पाहतो, पुलाकडे पाहत नाही.

आता आमच्या डहाणू-तलासरीत नवे खांब उभे राहत आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचे. ज्या ओहोळांत उन्हाळ्यात गुरं बसतात, त्यांच्याच अंगावरून हे जाणार. ते खांब आज कोवळे आहेत. आमच्या नातवंडांच्या श्रावणात ते म्हातारे असतील, आणि तेव्हाही कुणीतरी खिडकीला डोकं टेकून त्यांच्यावरून झोपेत जाईल.

महामार्गावर पुलाच्या तोंडाशी नदीच्या नावाची पाटी असते. सूर्या, वैतरणा, सावित्री. त्या नावाखाली अजून दोन ओळी मावतात. पूल कोणत्या साली बांधला, आणि पाणी असताना त्याच्या पायाशी उतरून शेवटचं कधी पाहिलं. त्या दुसऱ्या ओळीसाठी दरवर्षी पैसे ठेवावेत, माणसं नेमावीत, आणि त्यांनी थांबा म्हटलं की थांबवायचा अधिकार त्यांच्याच हाती असावा, तो मंत्रालयापर्यंत फिरत जाऊ नये. एखाद्या जुन्या पुलाच्या पाटीवर ती तारीख कोरी राहिली असेल, तर त्या पावसाळ्यात रस्ता बंद ठेवा. चारोटीपासून मनोरपर्यंत रांग लागली तरी चालेल. आम्ही थांबू.